चारशे सतराव्या लिफाफ्यातला दात

जुई निनाद घवाळी, वय वर्षे सहा, हिच्या खालच्या डाव्या पुढच्या दातात काय काय सापडलं याचा अहवाल सानिकाच्या फोनवर आला, तेव्हा तो दात जुईच्या तोंडातच होता आणि त्याच दातानं ती पेरू कुरतडत होती.

सानिकानं अहवाल दोनदा वाचला. मग लेकीची हनुवटी धरून म्हणाली, "आ कर."

"पेरू आहे तोंडात."

"गीळ आणि आ कर."

दात जागेवर होता. महिनाभर हलत होता, जिभेनं ढकलला की डुलायचा, पण होता. सानिकानं फ्रिजकडे पाहिलं. दारावर लोहचुंबकाखाली प्रकल्पाचा पांढरा लिफाफा अडकवलेला होता. त्यावर छापलेला क्रमांक ४१७. दात पडला की त्यात घालून अंगणवाडीत द्यायचा, म्हणून तिनंच तो समोर दिसेल असा लावला होता. लिफाफा रिकामा होता. आणि अहवालावरचा क्रमांकही ४१७च होता.

"आई, काय झालं? कीड लागली का?"

"तुला नाही," सानिका म्हणाली.

कोंडसडा गावाच्या वर, सड्याच्या उघड्या कातळावर, पाच देशांनी मिळून बांधलेली अणुभट्टी उभी होती. कागदावर तिचं नाव दोन ओळींचं होतं. गावात तिला मिठाची भट्टी म्हणायचे, आणि ते काही चूक नव्हतं. नेहमीच्या अणुभट्टीत इंधनाच्या घन कांड्या असतात आणि त्यांची उष्णता वाहून न्यायला प्रचंड दाबाखालचं पाणी लागतं. इथे इंधनच वितळलेल्या क्षारात विरघळवलेलं होतं. थोरियम, युरेनियम आणि क्षार यांचा सातशे अंशांवरचा पातळ रस, आणि दाब जवळपास नाहीच. भट्टीच्या तळाशी एक नळी, नळीत त्याच क्षाराचं गोठवलेलं बूच. बुचावर पंख्याचा गार वारा सुटत राहतो तोवर ते गोठलेलं राहतं. वीज गेली, पंखा थांबला, की बूच आपोआप वितळतं आणि सगळा रस खालच्या पसरट टाक्यांत उतरतो. तिथे तो इतका पसरतो की अणूंची साखळी पुढे चालूच शकत नाही.

निनाद, सानिकाचा नवरा, तिथल्या नियंत्रण कक्षात चालक होता. घरी पाहुणा आला की चहा यायच्या आत तो बुचावर यायचा. "माणूस चुकला, घाबरला, पळून गेला तरी भट्टी आपली आपण निजते," असं म्हणताना त्याचा चेहरा मुलीचं पहिलं पाऊल पाहिलेल्या बापासारखा व्हायचा.

दातांचं कलम करारातच होतं. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखं वागतं, शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. अणुभट्टीत तयार होणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम कधी बाहेर निसटलंच, तर ते मातीतून गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून वाढत्या दातात जाऊन बसतं. दात एकदा घडला की आतलं सहसा बदलत नाही. जुन्या काळच्या अणुस्फोट चाचण्यांची राख जगभर पडली होती, तिचा अंश आजही प्रत्येकाच्या दातात थोडाफार असतोच. म्हणून भट्टी पेटण्याआधी गावातल्या सहाशे पोरांचे दुधाचे दात तपासायचे आणि इथे मुळात किती आहे याची एक रेषा आखायची. तिला आधाररेषा म्हणत. पुढची पन्नास वर्षं दर साली दात मोजायचे आणि त्या रेषेशी ताडून पाहायचे. वाढलं तर कळेल.

सानिका रसायनशास्त्राची पदवीधर. संमतीपत्रावर तिनं सगळ्यांत आधी सही केली होती, आणि करताना तिला बरंही वाटलं होतं. आता ते आठवून तिचे कान तापले.

अंगणवाडीत पोरं जेवून चटयांवर निजली होती. सेविका शेवंतीताई मांडवकर ताटल्या पुसत होत्या. तीस वर्षं हेच काम. निनादही त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठा झालेला.

"ताई, जुईचा दात कोणी दिला?"

"तूच दिला असशील गो."

"तो तिच्या तोंडात आहे."

शेवंतीताईंच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"हळू बोल. पोरं उठतील."

"उठू देत. कोणाचा दात आहे तो?"

शेवंतीताई पायरीवर बसल्या. पदरानं मान पुसली. "सहा महिने दारोदार फिरले. कोणी दात देईल तर शपथ! दात पडला की शेणाच्या गोळीत घालायचा, कौलांवर भिरकावायचा आणि उंदराला सांगायचं, माझा घे, तुझा दे. नाहीतर नवा वाकडा येतो. घराघरात हेच. तुझी सासूच मला म्हणाली, आमच्या नातीचा दात विमानानं नेऊन तिकडच्या उंदरांना घालणार काय?"

सासूबाई असं म्हणाल्या असतील याबद्दल सानिकाला तिळमात्र शंका आली नाही.

"मग?"

"मग प्रकल्पाचे पाटणकर साहेब त्याच क्रमांकांचे दुसरे कोरे लिफाफे घेऊन आले. म्हणाले, सहाशे लिफाफे हवेत, भरलेले हवेत, महिनाअखेर हवेत. कसे भरलेत ते मी विचारणार नाही. आता तूच सांग, याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?" त्यांनी मान खाली घातली. "माझा भाचा शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. त्यानं डबा भरून आणून दिला."

"कसला डबा?"

"श्रीखंडाचा."

सानिकाला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी ती मनातल्या मनात मोजू लागली. पाच देश, दोन ओळींचं नाव, अणू मोजणारं यंत्र, आणि त्या सगळ्याच्या तळाशी श्रीखंडाचा डबा!

"खरे किती आहेत त्यात?"

"अकरा." शेवंतीताईंनी वर पाहिलं. "माझी नोकरी जाईल गो."

"आणि माझ्या पोरीला पन्नास वर्षं कुणाच्या दातांशी ताडून पाहणार, ताई? तुमच्या भाच्याच्या गिऱ्हाइकांशी?"

एक पोरगं उठून रडायला लागलं, त्याला थोपटायला शेवंतीताई आत गेल्या.

निनाद कामावरून आला तेव्हा सानिकानं अहवाल आणि रिकामा लिफाफा त्याच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यानं दोन्ही नीट पाहिले. चालकाची सवय, आकडे आधी, चेहरा नंतर.

"चूक आहे," तो म्हणाला. "मोठी चूक आहे. पण हा दातांचा घोळ झाला, भट्टीचा नाही. भट्टीत बुधवारी रस भरायचा आहे, सानिका. आठ वर्षं यासाठी थांबलोय आम्ही."

"आपल्या सड्याची माती कसली आहे?"

"हे काय मध्येच?"

"जांभ्याची. लाल. तिच्यात चुना नाही. कॅल्शियम कमी असलं की गवत स्ट्रॉन्शियम जास्त ओढतं. म्हणजे आपल्या पोरांच्या दातांत आजच, तुझी भट्टी पेटायच्या आधीच, शहरातल्या पोरांपेक्षा जास्त असणार. पाच वर्षांनी इथले खरे दात मोजतील आणि शहरातल्या दातांशी ताडतील. मग जास्तच निघेल. गाव म्हणेल भट्टीनं केलं. तू छातीवर हात ठेवून सांगशील की कणसुद्धा सुटला नाही. कदाचित खरंच सुटला नसेल! दाखवशील काय? आणि उद्या खरंच सुटला, तर तुमचे साहेब म्हणतील, इथली मातीच तशी. ते तरी खोटं कसं ठरवायचं? दोन्हीकडून आंधळे, निनाद. डोळे असून आंधळे."

निनादनं लिफाफ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"शनिवारी भट्टीची जनसुनावणी आहे. तिथे उठून बोलू नकोस. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी प्रश्न लेखी द्यायचे असतात."

"कोणाकडे?"

"पाटणकरांकडे."

सानिका हसली. ते हसणं ऐकून आतल्या खोलीतून सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुझं ते बूच तुला का आवडतं माहितीय? ते माणसावर विश्वास ठेवत नाही म्हणून. आणि माझ्या पोरीच्या बाबतीत मात्र मी पाटणकरांवर विश्वास ठेवायचा. छान आहे तुमची भट्टी."

"माझी नोकरी आहे तिथे."

"माझी मुलगी आहे इथे."

"आपली," निनाद म्हणाला, पण इतक्या हळू की त्यालाच ऐकू गेलं असेल.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. मंचावर पाच झेंडे, पाच पाहुणे, कानांत भाषांतराची यंत्रं. डॉ. हर्षद पाटणकर प्रकल्पाचे आरोग्यप्रमुख. पांढऱ्या पडद्यावर त्यांनी एक निळी, सरळ, गोंडस रेषा दाखवली. "ही तुमच्या मुलांची आधाररेषा. जगातल्या कुठल्याही भट्टीनं पेटण्याआधी इतकी काळजी घेतलेली नाही."

टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत सानिका उठली आणि तिनं माइक घेतला.

"जुईची आई बोलतेय. लिफाफा चारशे सतरा. त्या रेषेत माझ्या मुलीचा दात आहे म्हणता. कुठला?"

पाटणकरांनी तिला ओळखलं. "घवाळी मॅडम, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी वेगळी व्यवस्था आहे. आई म्हणून तुमची काळजी मी समजू शकतो..."

"काळजी समजू नका. दात मोजा. जुई, इकडे ये. आ कर."

जुईनं आ केला. मंचावरून एक बाई खाली उतरल्या. करड्या केसांच्या, हंगेरीहून आलेल्या डॉ. इलोना. दात त्यांच्याच प्रयोगशाळेनं मोजले होते. जुईसमोर गुडघे टेकून त्यांनी फोनचा उजेड तिच्या तोंडात टाकला.

"हात नका लावू," जुईनं बजावलं. "हलतोय."

भाषांतर कानात पोचल्यावर डॉ. इलोना गंभीरपणे म्हणाल्या, "नाही लावणार." मग अहवाल पाहिला, रिकामा लिफाफा पाहिला, आणि त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्यांनी आपल्या भाषेत एकच प्रश्न विचारला. भाषांतराच्या यंत्रानं तो मराठीत सभागृहात मोठ्यानं सांगितला: "असे किती आहेत?"

शेवटच्या रांगेत शेवंतीताई उभ्या राहिल्या. "अकरा सोडून सगळे," त्या म्हणाल्या. "मी भरले."

जो गलका उठला त्यात पाटणकर माइकवर बोटं आपटत राहिले. "ऐका! ऐका जरा! ही गंभीर बाब आहे, चौकशी होईल. पण बुधवार पुढे ढकलला तर भागीदार देश निघून जातील. मग पुन्हा कोळसा. कोळशाच्या धुरानं किती पोरं खोकून मेली, मोजलीत का कुणी?"

"नाही मोजली!" सानिका ओरडली. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं. "कुणी मोजली नाहीत म्हणूनच तर सांगतेय, या वेळी मोजा!"

"बुधवारच्या आत आता दात आणायचे कुठून, मॅडम? पोरांचे उपटून?"

तेव्हा बायकांच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला. सानिकाच्या सासूबाई, आयुष्यात सभेत न बोललेल्या. "उपटताय कशाला मेल्यांनो? छपरावर आहेत की! पाऊस सरल्यापासून जेवढे पडले तेवढे सगळे कौलांत अडकलेत. पावसाआधी कौलं चाळायला, काढून नीट लावायला, गडी यायचेत पुढच्या आठवड्यात, त्याच्या आत वेचा."

सभागृह हसलं. डॉ. इलोना हसल्या नाहीत. वरची घाण आम्लानं धुऊन काढता येते, आतला थर शाबूत असतो, दात कोणत्या घरचा एवढं कळलं तरी पुरे, असं त्या पाटणकरांना भराभर सांगत होत्या. पाटणकरांनी घड्याळ पाहिलं. "सूचनेची नोंद घेतली आहे. पूरक नमुने सोयीनुसार घेता येतील. रस बुधवारी दहालाच भरला जाईल." त्यांनी पडदा बंद केला. निळी रेषा मात्र अहवालात तशीच राहिली.

दारात डॉ. इलोनांनी सानिकाचा हात धरला. "मी आक्षेप लिहून देते," यंत्र म्हणालं. "पण पाच मतांत माझं एकच. बाकीचे बुधवारसाठी आले आहेत."

रविवार, सोमवार, मंगळवार. निनाद आणि सानिका एकमेकांशी फक्त जुईबद्दल बोलले. डबा, गृहपाठ, वेणी. मंगळवारी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला त्या लिफाफ्याचं नीट सांगितलं असतंस तर नाही कशाला म्हटलं असतं मी? उंदराला काय, दुसरा दिला असता."

"तुम्हाला कळणार नाही असं वाटलं मला," सानिका म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचीही चीड आली. साऱ्या गावाबद्दल कोणीतरी असंच वाटून घेतलं होतं. सही मागितली, समजावून कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या कोणीतरीत ती स्वतः होती.

बुधवारी रस भरायच्या आधी भोंगा वाजणार होता. दहाला पाच मिनिटं असताना सानिका अंगणात आली. सड्यावरची भट्टीची पांढरी इमारत उन्हात डोळ्यांत खुपत होती. जुई पायरीवर बसून जिभेनं दात हलवत होती. दहा वाजले. सव्वादहा. भोंगा वाजला नाही. साडेदहाला शेजारची बाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गो, बंद पडली काय?"

"अजून चालूच कुठे झालीय," सानिका म्हणाली.

बाराला निनाद आला. मोटारसायकल उभी करून त्यानं डबा पायरीवर ठेवला. तो उघडलेला नव्हता. गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"भरण्याआधी त्र्याण्णव मुद्द्यांची यादी असते," तो अंगणाकडे बघत म्हणाला. "तीन चालकांनी, प्रत्येकानं स्वतंत्र, प्रत्येक मुद्द्यावर खूण करायची. तिघांच्या खुणा झाल्याशिवाय झडप उघडतच नाही. एकसष्टावा मुद्दा, आधाररेषेची नोंद पूर्ण आणि खरी."

"आणि?"

"बाकीचे ब्याण्णव केले."

सानिकानं पायरीवरचा डबा उचलून घेतला.

"पाटणकर येऊन उभे राहिले मागे. म्हणाले, अरे, तो कागदी मुद्दा आहे, यंत्राशी संबंध नाही त्याचा. मी म्हटलं, यंत्राला बूच आहे साहेब. इथे मीच आहे." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ओळखपत्र काढून घेतलं. परत देतील की नाही माहीत नाही. पण नियमच असा, की चालकानं खूण नाकारली तर पाची देशांनी लेखी कारण तपासल्याशिवाय दुसरा चालक बसवता येत नाही. कारण मी लिहून दिलं. इलोनाबाईंनी त्याखाली सही केली." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "शिडी कुठे आहे?"

दुपारच्या उन्हात निनाद कौलांवर चढला, अनवाणी, हातात मऊ कुंचला. खाली सासूबाई आणि सानिका जुनी चादर ताणून उभ्या. "तिसऱ्या ओळीत बघ," सासूबाई खालून हुकूम सोडत होत्या. "शेजारच्या वेदाचा तिकडे फेकलाय मी, दिवाळीत. त्यांचं छप्पर पत्र्याचं, त्यावर टिकत नाही." शेणाची वाळकी गोळी चादरीत पडली. सानिकानं ती फोडली. आत तांदळाच्या दाण्याएवढा दात होता, पिवळट आणि अख्खा. तिनं पुडीवर लिहिलं: वेदा, वरचा, दिवाळी.

चारपर्यंत वाडीतल्या नऊ घरांवर शिड्या लागल्या होत्या. कुणाचा दात कधी पडला, कुठल्या बाजूला फेकला, हे बायकांना तारखेनिशी पाठ होतं. शेवंतीताई वही घेऊन दारोदार फिरत होत्या, आणि या वेळी दारं उघडत होती. एका दारातून त्यांना शिवी आली. ती ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "दात कोणत्या कौलात?"

संध्याकाळी पाटणकरांची गाडी आली. ते दमलेले दिसत होते. अंगणात मांडलेल्या पुड्यांच्या रांगांवरून त्यांची नजर फिरली. त्यांनी एक कागद पुढे केला. "हे पूरक नमुने म्हणून दाखल करून घेतो. सही करा. शुक्रवारी भरणं सुरू करू."

सानिकानं कागद वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पेन उघडून 'पूरक' या शब्दावर काट मारली, वर लिहिलं 'पहिले', आणि त्याखाली एक ओळ घातली: आधीचा अहवाल रद्द.

"हे मला एकट्याला मान्य करता येणार नाही," पाटणकर म्हणाले.

"मग ज्यांना येईल त्यांना पाठवा. पुड्या इथेच आहेत. त्या इलोनाबाईंच्या हातात जातील, मोजून, सहीनिशी. तुमच्या नाही."

"आणि किती थांबायचं आम्ही?"

सानिका आत गेली. फ्रिजवरचा लिफाफा घेऊन आली. त्यावरच्या रकान्यांत जुईचं नाव होतं, वय होतं, आणि दात पडल्याची तारीख या रकान्यात काही नव्हतं.

"जुई, पडला का गं?"

जुईनं तोंडात बोट घालून पाहिलं. "नाही. पण आज खूप हलतोय."

"ऐकलंत?" सानिका म्हणाली. लिफाफा परत आत नेऊन तिनं तो होता तिथेच, लोहचुंबकाखाली, रिकामा लावला. बाहेर पाटणकर अजून उभे होते. सड्यावर भट्टीची इमारत उभी होती, पुरी बांधलेली, पुरी तपासलेली, कोरडी. ती थांबेल. तिला थांबता येतं, निनाद नेहमी सांगायचा.